दोन कॅमेरे आणि आईची पापणी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (कंबर परवानगी देईल तितकाच वाकून). विनंती विशेष. तुझा गुडघा आता कसा आहे? मेट्रन म्हणून वॉर्डातल्या सगळ्यांना जिने चढू नका असं दटावतेस आणि स्वतः लिफ्टची वाट बघायचा कंटाळा आला की तीन मजले चढून जातेस, हे भाऊजींनी मला कळवलं आहे, तेव्हा नाकबूल करू नकोस. भाऊजींचं घोरणं कमी झालं का? नसेल झालं तर त्यांना बोल लावू नकोस, या वयात झोप लागते हीच मोठी गोष्ट आहे. इकडे सगळं क्षेम. आईची तब्येत उत्तम, म्हणजे ब्याऐंशीव्या वर्षी असावी त्याहून जरा जास्तच उत्तम. माझी तब्येत मात्र उतरलेली दिसते, असं कालच तिने मला ऐकवलं. मास्तरीणबाई (तुझी भावजय, शाळेतून यंदा निवृत्त होणार, तिचा आवाज मात्र होणार नाही) तुला नमस्कार सांगते. माझं चष्म्याचं दुकान बरं चाललंय. लोकांचे डोळे बिघडताहेत, त्यामुळे काळजीचं कारण नाही.

फोन करायचा सोडून पत्र काय लिहीत बसलास, असं तू विचारशील. पण हा विषय फोनवर बोलण्यासारखा नाही. तुझ्याकडे भाऊजी स्पीकर लावून ऐकतात आणि माझ्याकडे आई स्पीकर न लावताच सगळं ऐकते, आणि विषय नेमका या दोघांना लागून आहे. (पत्र भाऊजींना वाचून दाखवायचंच असेल तर दुसरं पान गाळून दाखव. ते का, हे दुसऱ्या पानावर आल्यावर तुला कळेल.)

चार महिन्यांपूर्वी तू म्हणालीस की वॉर्डातल्या टेबलावर ठेवायला आईचा एक बरा फोटो हवा, आत्ताचा, आणि डोळे उघडे असलेला. मागणी साधी होती. तू इकडे येऊन गेलीस त्याला चार वर्षं झाली. आधी नवा वॉर्ड उघडला, मग दुसऱ्या मेट्रनबाई रजेवर गेल्या म्हणून त्यांचं काम तुझ्या गळ्यात पडलं, मग गुडघा. मी तक्रार करत नाही, नुसती उजळणी करतोय. आई दर रविवारी तुझा फोन ठेवला की मला एवढंच विचारते, "रजेचं काही म्हणाली का?" मी नाही म्हणतो आणि ती चहाचे कप उचलून आत जाते. व्हिडिओ कॉलची सोय आहे खरी, पण आई तोही कानाला लावते. या चार वर्षांत तू तिचा उजवा कान जितका निरखून पाहिला आहेस तितका कानाच्या डॉक्टरनेही पाहिला नसेल. म्हणून मी मोबाइलवर अकरा फोटो काढून तुला पाठवले, आणि अकराही फोटोंत तिचे डोळे मिटलेले निघाले. आई झोपली असताना फोटो का काढतोस, असं तू उलट मलाच विचारलंस. तेव्हा भाऊजींनी निदान केलं की मोबाइल म्हणजे काही कॅमेरा नव्हे, आणि स्वतःचा बारा वर्षं जपलेला जुना डिजिटल एसएलआर इकडे येणाऱ्या एका सहकाऱ्याबरोबर पाठवून दिला. माझी जी काही दैना झाली ती तिथून सुरू झाली.

कॅमेरा आला तो एका काळ्या बॅगेतून. त्या बॅगेला इतके कप्पे आहेत की माहितीपुस्तक सापडायला मला दोन दिवस लागले, आणि ते सापडल्यावर चार्जर कुठे ठेवला होता ते विसरलो. वजन म्हणशील तर चांगलंच आहे. गळ्यात अडकवला की माणूस आपोआप मान खाली घालून चालायला लागतो. बटणं मी मोजली, सव्वीस भरली. वर एक गोल चक्र आहे आणि त्यावर डोंगर, फूल, पळणारा माणूस, चंद्र अशी चित्रं आहेत. आईसाठी त्यातलं कुठलं लावावं हे काही केल्या ठरेना. डोंगर लावला तर तिला कळल्यावर चालणार नाही, म्हणून फुलावर ठेवलं. हे सगळं असलं तरी त्या लहान खिडकीला डोळा लावून मी पहिल्यांदा आईकडे बघितलं आणि खरं सांगतो ताई, मी विरघळलो. चौतीस वर्षं काचा घासतोय, चांगली काच मला लांबून कळते. तिच्या कपाळावरची एकेक रेघ वेगळी दिसत होती. भाऊजींचं हे ऋण मी मानतो, आणि हे वाक्य त्यांना अवश्य वाचून दाखव.

(आता दुसरं पान.) त्या सुंदर लेन्सच्या आत कडेला मला बुरशीचा एक बारीक तंतू दिसला. शहाण्या माणसाने त्याकडे काणाडोळा केला असता. पण मी पडलो काचेतला माणूस; गिऱ्हाइकाच्या चष्म्यावर बोटाचा ठसा दिसला तरी मी बोलता बोलता तो काढून घेतो आणि पुसून परत नाकावर ठेवतो. दुकानात नेऊन चष्म्याच्या बारीक स्क्रू-ड्रायव्हरने लेन्स खोलली, तंतू पुसला, परत जोडली, आणि टेबलावर एक स्क्रू उरला. पुन्हा खोलून पुन्हा जोडली तरी एक उरलाच. तिसऱ्यांदाही तेच झालं, आणि मला वाटतं तिन्ही वेळा तो एकच स्क्रू होता. कॅमेरा मात्र व्यवस्थित चालतोय, त्या अर्थी बनवणाऱ्यांनी तो जादाचा घातला असणार. मी तो काडेपेटीत ठेवला आहे आणि काडेपेटी स्वयंपाकघरापासून लांब ठेवली आहे.

आता मुख्य गोष्ट. मला वाटलं होतं, जगात फोटोला बसवायला सोपी बाई कोण असेल तर आपली आई. स्टुडिओत अठ्ठावीस वर्षं रीटचिंग केलेली बाई ती. तुला आठवतं ना, टोक काढलेल्या त्या पेन्सिली, आणि आपण हात लावला की बसणारा धपाटा? निगेटिव्हवर वाकून ती लोकांच्या सुरकुत्या घालवायची, तीळ ठेवायचा की काढायचा ते चिठ्ठीवर विचारून घ्यायची, आणि कोणाची पापणी मिटली असली तर मिटलेल्या पापणीवर उघडा डोळा काढून द्यायची, तोही असा की त्या माणसाच्या बायकोलाही संशय येऊ नये. अर्ध्या गावाचे डोळे तिने उघडले आहेत. ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली, शाल नीट केली, उजेड कुठल्या बाजूने येतोय ते बघून हनुवटी अमुक इतकी वळवली, आणि मी बटण दाबलं. कॅमेऱ्याचा 'खट्याक' असा दार लोटल्यासारखा आवाज झाला. फोटोत शाल उत्तम होती, हनुवटी उत्तम होती आणि डोळे मिटलेले होते. मी पुन्हा काढला आणि पुन्हा मिटलेले. आई फार गोड आवाजात म्हणाली, वय झालं रे, पापण्या जड होतात. मी तिला दुकानात नेलं, खुर्चीत बसवलं आणि पापण्या, बुबुळं, पडदा, सगळं तपासलं. काही दोष निघाला नाही. शेवटची बारीक ओळ तिने घडाघडा वाचून दाखवली आणि माझ्या तक्त्याचा एक कोपरा सुटलाय तेही दाखवलं.

तेव्हा दोष त्या 'खट्याक'चा, असं मी ठरवलं. आवाजाने म्हातारं माणूस दचकणारच. मग मी कॅमेरा उशीच्या अभ्र्यात घालून, लेन्सपुरतं भोक ठेवून फोटो काढले (अभ्रा नवा होता, मास्तरीणबाईंनी त्यावर जे भाष्य केलं ते इथे देत नाही). आवाज कमी झाला, पण डोळे मिटलेलेच राहिले. मग वाटलं, बाहेर मोकळ्या हवेत काढावे, म्हणून सकाळी आईला घेऊन बागेत गेलो. तिथे काय झालं म्हणशील तर हा कॅमेरा गळ्यात असला की लोक आपल्याला कोणीतरी समजतात. माळ्याने पाइप बाजूला घेतला. बाकावरच्या एका गृहस्थांनी खिशातून कंगवा काढून केस विंचरले आणि चेहरा गंभीर करून माझ्याकडे बघत बसले, ते मी त्यांचा फोटो काढेपर्यंत हललेच नाहीत. एक जोडपं येऊन म्हणालं, आमचाही काढा, आणि पत्ता देऊन गेलं. शेवटी मी बागेतल्या सव्वीस लोकांचे फोटो काढले आणि त्या सव्वीसच्या सव्वीस जणांचे डोळे उघडे आले. आईचे चौदा काढले, त्यांत एकही नाही. एका फुलझाडाच्या कुंडीचाही काढला, चक्रावरच्या फुलाला वाईट वाटू नये म्हणून.

अशा हताश अवस्थेत मी झूमशेठकडे गेलो. आमच्या दुकानाच्या रांगेत त्याचं कॅमेऱ्याचं दुकान आहे आणि त्याला सगळे झूमशेठ म्हणतात, कारण बोलताना तो हळूहळू जवळ येत जातो आणि वाक्य संपेपर्यंत त्याचं नाक तुमच्या नाकाशी आलेलं असतं. (चष्मा माझ्याकडचाच आहे, नंबरही बरोबर आहे. ही त्याची सवय आहे.) भाऊजींचा कॅमेरा हातात घेऊन तो म्हणाला, वस्तू खानदानी आहे, पण आता हे धूड कोण बाळगतं? आणि त्याने काचेच्या कपाटातून एक छोटा कॅमेरा काढला. हा आपला खिशातला. चष्म्याच्या डबीएवढा, चपटा, चंदेरी, अजिबात आवाज न करणारा. हा आठवडाभर घेऊन जा म्हणाला, आवडला तर मोठा मला दे आणि छोटा ठेवून घे, वर काही देणं नाही घेणं नाही. फक्त शनिवारी संध्याकाळपर्यंत सांग, कारण मोठ्याला गिऱ्हाईक तयार आहे. हे सगळं मला अगदी कळकळीने पटलं, कारण तोवर तो माझ्यापासून चार बोटांवर आला होता.

छोट्याचे गुण सांगतो. वरच्या खिशात बसतो, मानेला त्रास नाही, कोणी कंगवा काढत नाही. आता अवगुण. त्याला डोळा लावायची खिडकी नाही, मागे पडदा आहे, आणि तो बघायला कॅमेरा हातभर लांब धरावा लागतो; उन्हात त्या पडद्यावर आईऐवजी मीच दिसतो. बटणं इतकी बारीक की जवळचा चष्मा लावल्याशिवाय दिसत नाहीत, आणि जवळचा चष्मा लावला की आई दिसत नाही. शिवाय तो विचार करतो. बटण दाबलं की तो जरा थांबतो, मनाशी काही ठरवतो आणि मग फोटो काढतो. तेवढ्यात माणूस उठून गेलेला असतो. माझ्याकडे आईच्या रिकाम्या खुर्चीचे नऊ फोटो आहेत आणि त्यांतला एक खरोखर सुरेख आला आहे. पण त्याचा सगळ्यात मोठा गुण (की अवगुण, ते तूच ठरव) म्हणजे त्यात हसू ओळखायची सोय आहे. समोर कोणी हसलं की तो न सांगता स्वतःच फोटो काढतो. मला वाटलं, देवच पावला. ती सोय चालू करून मी तो दुकानात काउंटरवर ठेवला, म्हटलं आई डबा घेऊन येईल तेव्हा हसेलच. दुपारी बघतो तर एकेचाळीस फोटो, आणि सगळे समोरच्या भिंतीवरच्या जाहिरातीतल्या चष्मेवाल्या बाईचे. ती बाई गेली सहा वर्षं हसते आहे. तिचे डोळे अर्थातच उघडे होते.

शेवटी मी माझी धंद्यातली रीत वापरली. तुला माहीत आहे, दिवसभर मी लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत विचारत असतो, "हे बरं, की हे? आता बरं, की मघाचं बरं?" आणि लोक बिचारे गोंधळून म्हणतात, दोन्ही सारखंच. मी मनातल्या मनात त्यांना हसत आलो आहे. आता आईला खुर्चीत बसवून एक फोटो मोठ्याने, एक छोट्याने, असं चार दिवस केलं, आणि रोज संध्याकाळी फोटो संगणकावर लावून स्वतःलाच विचारलं, हे बरं की हे? दोन्ही सारखंच होतं. मोठ्यात मिटलेली पापणी फार स्पष्ट येते, एवढाच फरक. मास्तरीणबाईंना विचारलं तर त्या उत्तरपत्रिकांतून मान वर न करता म्हणाल्या, तुम्ही आधी प्रश्न नीट वाचा. हे त्या सगळ्यांनाच म्हणतात, म्हणून मी मनावर घेतलं नाही. एकट्या आईचं मत मात्र पहिल्या दिवसापासून ठाम होतं. छोटा घे, छोटाच छान आहे, हलका आहे, तुझ्या मानेला बरा. आपल्या आईने माझ्या मानेची एवढी काळजी यापूर्वी कधी केलेली मला आठवत नाही, पण मला बरं वाटलं.

तर सांगायचं ते हे. उद्या शनिवार. माझा कल छोट्याकडे आहे, आईचाही आहे. पण मोठा भाऊजींनी बारा वर्षं जपलेला. तो त्यांना न विचारता झूमशेठच्या हवाली करणं मला प्रशस्त वाटत नाही. तेव्हा तू भाऊजींचा मूड बघून, जेवण झाल्यावर, सहज विषय काढल्यासारखं विचार, आणि हो किंवा नाही एवढंच मला फोनवर कळव. 'हो' असेल तर नुसतं 'औषध घेतलं' म्हण, आईला कळायला नको. (पत्र तुला मिळेपर्यंत शनिवार होऊन जाईल हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. असो. झूमशेठला थोडं मागे सरकून थांबायला सांगतो.) फोटोचं काम मी सोडलेलं नाही. तुझ्या टेबलावर आई येणार, डोळे उघडे ठेवून येणार, हा माझा शब्द आहे.

भाऊजींना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझा धाकटा,
(अजूनही दुकानात ज्याला सगळे 'काका' म्हणतात आणि घरी कोणीच काही म्हणत नाही तो)

ता. क. पाकीट बंद करायचं राहिलं, ते बरंच झालं. आज शनिवार, दुपार. मोठा कॅमेरा बॅगेत भरून (भाऊजींचा होकार येईपर्यंत नुसता राखून ठेव, असं सांगायला) मी झूमशेठकडे निघालो होतो, तेवढ्यात मास्तरीणबाईंनी थांबवलं. उत्तरपत्रिका संपल्यावर त्यांनी सवयीप्रमाणे माझे फोटो तपासायला घेतले होते. मोबाइलवरचे अकरा, मोठ्याचे चौऱ्याऐंशी, छोट्याचे अडुसष्ट (रिकाम्या खुर्च्या वगळून), एकूण एकशे त्रेसष्ट. सगळ्यांत डोळे मिटलेले. मग त्यांनी मला खडू हातात असल्यासारखं समजावलं: माणूस मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी मिटतो, दर वेळी सेकंदाचा तिसरा भाग धरा, म्हणजे साठातले पाच सेकंद, या हिशेबाने एकशे त्रेसष्ट फोटोंत तेरा-चौदा मिटलेले यायला हवेत. एकशे त्रेसष्ट येतात ते कॅमेऱ्याने नाही आणि वयानेही नाही. आणि मग त्यांनी बागेतल्या कुंडीचा फोटो मोठा करून दाखवला. कुंडीच्या मागे बाकावर, धूसर, आई बसली आहे. तो फोटो आपला नाही हे तिला माहीत होतं. डोळे टक्क उघडे आहेत.

आम्ही दोघं चहा घेऊन आईसमोर बसलो. मास्तरीणबाईंनी ही आकडेमोड मांडलेला कागद तिच्यापुढे सरकवला. आईने तो पूर्ण वाचला (बेरीजही तपासली), आणि माझ्याकडे न बघता सुनेला म्हणाली, "याला सांग, बटण दाबायच्या आधी हा खालचा ओठ चावतो." ताई, चौथीपासून मला ही सवय आहे म्हणे, शुद्धलेखन लिहितानाही मी असाच ओठ चावायचो. स्टुडिओत एवढी वर्षं काढलेल्या बाईला तेवढी खूण पुरे होती. मोठा कॅमेरा डोळ्याला लावला की माझं अर्धं तोंड झाकतं, त्यामुळे तिला जरा नीट लक्ष द्यावं लागायचं. छोटा हातभर लांब धरावा लागतो, त्यात सगळं तोंड उघडं, म्हणून तो तिला सोयीचा. माझ्या मानेचा काही संबंध नव्हता. मी विचारलं, आणि व्हिडिओ कॉलवर कान? म्हणाली, तोही मुद्दामच.

मला राग यायला हवा होता. मी विचारलं, का पण? ताईने काय वाईट मागितलं होतं? तेव्हा ती कप खाली ठेवून म्हणाली, "फोटो मिळाला की ती तो टेबलावर ठेवील. येता-जाता बघील, आणि तिला वाटेल आई दिसली. मग यायचं राहून जाईल. लोकांचं काय होतं ते मला ठाऊक आहे रे, अठ्ठावीस वर्षं मी माणसांच्या ऐवजी कागदच देत होते."

ताई, मला गलबलून आलं. मास्तरीणबाई उठून उगाचच साखर आणायला गेल्या, साखर समोरच होती. आणि नकळत मी खालचा ओठ चावला. ते बघून आईने सवयीने डोळे घट्ट मिटले. मग उघडले, माझे हात रिकामे आहेत हे बघितलं, आणि अशी हसली, अशी हसली की शाल खाली पडली. आपण लहान असताना स्टुडिओतून घरी येऊन गिऱ्हाइकांच्या गमती सांगताना हसायची ना, तसंच.

ता. क. २. (चार दिवसांनी, पाकीट अजून इथेच आहे.) त्या दुपारी छोटा कॅमेरा साखरेच्या डब्याला टेकून उभा होता आणि हसू ओळखायची सोय मी बंद करायला विसरलो होतो. ती हसली आणि त्याने या वेळी विचार न करता, कोणाला न विचारता फोटो काढला. मी आत्ता तो बघतोय. डोळे उघडे आहेत, आणि तुला हवी होती ती आई त्यात सगळी आहे. तो फोटो मी तुला पाठवत नाही. मी दिलेला शब्द मोडतोय, मला वाईट वाटतंय, पण फार नाही. मी तो संगणकावर घेऊन छोटा कॅमेरा झूमशेठला परत करून आलो. बिचारा फार जवळून हळहळला. मोठा इथेच राहणार. भाऊजींना सांग, आईने तसं बजावलं आहे, कारण तिला तो 'खट्याक' आवडतो. घरात स्टुडिओ असल्यासारखं वाटतं म्हणाली. आता तिने गुपित सोडलंच आहे तर मला रोज सकाळी उजेड कसा बघायचा ते शिकवते आहे, फोटो कुंडीचे काढून घेते आणि माझ्यावर ओरडते. माझं अगदी छान चाललं आहे. (परवानगी विचारायची राहू दे. स्क्रूचं मात्र भाऊजींना सांग, आता इलाज नाही. येताना त्यांनाच घेऊन ये, तो कुठला ते दाखवतील.)

ता. क. ३. सोबत एक फोटो जोडला आहे, एकशे त्रेसष्टांपैकी सगळ्यात चांगला. शाल, हनुवटी, उजेड, सगळं उत्तम, डोळे मिटलेले. मी आईला म्हटलं, जन्मभर लोकांचे डोळे काढलेस, ताईसाठी यावर दोन उघडे डोळे काढून दे. तिने जुन्या डब्यातून पेन्सिल काढली, टोक केलं, फोटो हातात घेतला, बराच वेळ बघितला, आणि उलटा करून पाठीवर लिहिलं. अक्षर पुसट आलंय, चष्मा लावून वाच, आणि नाहीच लागलं तर इथे लिहून देतो: "डोळे उघडे ठेवून बसले आहे. ये."